सुभेदाराचा सुळा आणि माझी सही

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी मला जिन्यात गाठलं. त्यांचं मांजर दोन दिवस नीट खात नव्हतं. "तुम्हाला अनुभव आहे, म्हणून विचारते," म्हणाल्या. मी म्हटलं, "आधी त्याचं तोंड बघा." त्या म्हणाल्या, "बघितलं की." मी विचारलं, "उघडून?" 

मग त्यांना जिन्यातच उभं करून मी जे सांगितलं, तेच इथे लिहून ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही. मांजरांच्या दातांविषयी मला एका मांजराच्या एका दातापुरतीच माहिती आहे. पण ती मिळवायला आमचं मांजर जवळजवळ गेलं होतं, म्हणून ती फुकट घालवू नये असं वाटतं.

"हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर" असं अशा लेखांत लिहायची पद्धत असते. मला सांगितलं होतं. दोघांनी.

मांजर कोणाचं

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात चौतीस वर्षं काढली. तयार झालेला प्रत्येक भाग मापाला लावायचा, बसला तर सही करायची, नाही बसला तर परत पाठवायचा, हे माझं काम. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या शब्दावर एका पेटीवर सही केली. आमच्या चार्जमननी, म्हणजे आमच्यावरच्या साहेबांनी, ती पेटी माझ्यासमोर पालथी केली आणि त्यातला एकेक नग मला पुन्हा तपासायला लावला. "आधी डोळ्यांनी बघ, मग पेन उचल," एवढंच बोलले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी न बघता सही केली नाही. याचा मला अभिमान होता. तो घरात जरा जास्तच दिसायचा, असं मंगलचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं आहे.

मांजर आमच्या मुलीचं. प्रज्ञा खराडीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. रोज खडकी ते खराडी करण्यात अर्धा जीव जातो म्हणून ती तिकडेच दोन मैत्रिणींबरोबर राहते. तिथल्या घरमालकाला मांजर चालत नाही. त्यामुळे मांजर तिचं, सांभाळ आमचा आणि सूचना पुन्हा तिच्याच. राखाडी बोका, नाकाखाली मिशांसारखे दोन पांढरे पट्टे, आणि दुपारी गॅलरीच्या कठड्यावर गस्त. त्याला सुभेदार हे नाव ठेवावं लागलं नाही, आपोआप पडलं.

पडला तो दिवस

मंगळवारी दुपारी गस्तीवर असताना त्याला पारवा दिसला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मला फक्त खालच्या पार्किंगच्या पत्र्याचा आवाज ऐकू आला. धावत खाली गेलो तर हा एका स्कूटरखाली बसलेला. चालत होता. टॉवेलात गुंडाळून वर आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि तपासणी सुरू केली.

पुढचे पाय, मागचे पाय, पाठ, शेपूट, पोट, सगळं एकेक करून दाबून पाहिलं. एक नख तुटलं होतं. हनुवटीला थोडं रक्त होतं. तिथे हात लावल्यावर तो असा फिसकारला की तसा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. मी हात मागे घेतला, कापसाने रक्त पुसलं आणि ओठाला खरचटलं असेल असं ठरवून टाकलं.

मंगलने प्रज्ञाला फोन लावून दिला.

"बाबा, पाय बघितलेत?"

"चारही बघितले."

"आणि तोंड? उंचावरून पडलं की मांजर हनुवटीवर आपटतं. तोंड उघडून बघितलंत का?"

"सगळं बघितलं. ठीक आहे तो."

मी खोटं का बोललो, यावर नंतर पुष्कळ विचार केला. फार मोठं कारण सापडलं नाही. चौतीस वर्षं तपासणीत काढलेल्या माणसाला मुलगी तपासणी शिकवते, याचा राग आला होता. शिवाय ते फिसकारणं आठवून पुन्हा हात घालायची भीतीही वाटत होती, आणि ती कबूल करायची लाज. आम्ही दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मला ते लहानपणापासून पाठ आहे, त्यामुळे म्हणताना लक्ष द्यावं लागत नाही.

नखरे

बुधवारी त्याने कॅटफूडचे दाणे हुंगले आणि सोडून दिले. चिकनचं नुसतं पाणी चाटलं. संध्याकाळी मंगलने सुक्या बोंबलाचा तुकडा दिला. एरवी बोंबलाचा वास आला की हा झोपेतून उठून येतो. त्याने तुकडा तोंडात घेतला, मान एका बाजूला वाकडी केली, तुकडा खाली टाकला आणि त्याच्याकडे बघत बसला. मला हसू आलं.

मंगल हसली नाही. "त्याला दुखतंय," म्हणाली. "दुखत असलं की अशीच मान करावी लागते."

"तुला काय माहीत?"

"माहीत आहे," ती म्हणाली आणि स्वतःची भाकरी कालवणात कुस्करायला लागली. हल्ली ती भाकरी कुस्करूनच खाते. वय झालं, मऊच बरं वाटतं, असं तिचं उत्तर ठरलेलं.

मी निदान करून मोकळा झालो. "लाडावलाय तो. पडल्यावर दोघांनी उचलून घेतलं ना, आता नखरे. ताटली उचल. भूक लागली की मुकाट खाईल." आमच्या आईने आम्हा चौघा भावंडांना याच नियमाने वाढवलं. पानात काही टाकलं की पुढचं जेवण बंद. नियम माणसांना लागू पडला, तर मांजराला का नाही? गुरुवारी पूर्ण दिवस मी ताटली ओट्यावर उचलून ठेवली. तो ताटलीच्या रिकाम्या जागेपाशी बराच वेळ बसला आणि मग जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. ओरडला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्याला दिला. आज हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

म्हणून वाचणाऱ्यांसाठी इथे सांगतो. मांजर दुखतंय म्हणून रडत नाही. ते अंग चाटायचं बंद करतं, मग केस राठ आणि चिकट दिसतात. तोंडातून लाळ येते, वास येतो. खायला येतं, पण न खाता परत जातं. हे सगळं मला त्या चार दिवसांत दिसलं होतं. मांजराने डोळे मिटून दूध प्यावं, तशी मी डोळे मिटून तपासणी चालवली होती.

शुक्रवारी सलीमभाई आले. ते खालच्या मजल्यावर राहतात, खडकी बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान आहे आणि दुकानात तीन मांजरं कायम कापडांवर झोपलेली असतात. सुभेदारला बघून ते खाली बसले.

"साहेब, याच्या तोंडाला वास मारतोय. आत बघितलंत का?"

"मासे खातो तो. वास येणारच."

"तीन दिवस खात नाही म्हणता, मग मासे कुठले?"

 विषय बदलायचा म्हणून मी माझ्या गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि म्हटलं, दुखतच असेल तर अर्धी देऊन बघू. सलीमभाईंनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता.

"माणसाची गोळी मांजराला विष आहे, साहेब. माझी एक मांजरी अशीच गेली. आपण डॉक्टरकडे घेऊन चला."

गोळी मी परत ठेवली. डॉक्टरकडे मात्र लगेच गेलो नाही. उद्या प्रज्ञा येणारच आहे, मग बघू, म्हटलं.

शनिवार

प्रज्ञा दारातून आत आली, पाठीवरची बॅगही न काढता खाली बसली आणि तिने त्याला मांडीवर घेतलं. त्याचं डोकं हुंगलं. मग अंगठ्याने वरचा ओठ अलगद उचलला. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. वरचा डावा सुळा अर्ध्यात तुटलेला होता आणि तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका होता. खालचे दात एका ओळीत नव्हते, अर्धे वर, अर्धे खाली.

तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"बाबा, तुम्ही म्हणालात सगळं बघितलं."

"हो."

"बघितलं होतं?"

"नाही."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त सलीमभाईंकडून झाकणाची पेटी मागून आणली आणि रिक्षा बोलावली.

तिच्या मैत्रिणीने सांगितलेला दवाखाना शनिवार पेठेत होता, तिथे आम्ही तिघंही गेलो. आत शिरताच पाटी: "इंटरनेटवर वाचलेले डॉक्टरांना सांगू नये. डॉक्टरांनीही ते वाचलेले आहे." एरवी मी अशा पाटीला दाद दिली असती. डॉक्टर म्हणजे चाळिशीच्या एक बाई, बोलणं कमी. त्यांनी सुभेदारचं तोंड जेमतेम दोन सेकंद उघडलं.

"पडला कधी?"

"मंगळवारी."

"तोंड कधी बघितलंत?"

"आत्ता," मी म्हटलं. "तुमच्या आधी थोडा वेळ."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग कान उलटा करून आतली कातडी दाखवली. ती पिवळट होती. मांजराच्या पोटात काही दिवस नीट गेलं नाही की त्याचं यकृत बिघडायला लागतं, त्या म्हणाल्या. दात ही अर्धीच गोष्ट होती. खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीत जोडलेली असतात, तो जोड उकलला होता. तिथे तार घालावी लागणार होती, सुळा काढावा लागणार होता. दोन्हीसाठी भूल, आणि यकृत अशा अवस्थेत असताना भूल धोक्याची. आधी दोन दिवस सलाइन, मग सोमवारी बघू.

"मधे कधी पूर्ण उपाशी होता का?"

मंगल खाली बघायला लागली. "एक दिवस," मी म्हटलं. "मी ठेवला होता. नखरे करतो म्हणून."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

सही

सोमवारी सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात. प्रज्ञाने रजा टाकली होती. पिंजऱ्याच्या जाळीतून मी बोट आत घातलं, तर सुभेदारने मान वळवली. पायाला पट्टी, पट्टीत सुई. चार किलोचं मांजर दोन किलोचं दिसत होतं.

संमतीचा कागद आला. भुलीत प्राण्याचा मृत्यू होऊ शकतो हे मला समजावून सांगितलं आहे, वगैरे. खिशाला पेन असतंच, मी सवयीने काढलं. प्रज्ञाने कागद स्वतःकडे ओढला.

"सही मी करते, बाबा."

एवढंच. आवाजही चढवला नाही. तिने पूर्ण कागद वाचला, एका ओळीवर बोट ठेवून डॉक्टरांना प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि सही केली. मी पेन परत खिशाला लावलं. त्या पालथ्या पेटीनंतर माझी सही कोणी नाकारली नव्हती. पण तिचं बरोबर होतं.

बाकावर दोन तास बसलो. मंगल पुटपुटत बुद्धवंदना म्हणत होती. मीही म्हणायला लागलो आणि चौथ्या शीलापाशी अडलो. पुढचं आठवेना. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. समोर एक गृहस्थ कुत्रा घेऊन बसले होते, त्यांनी शिष्टाचार म्हणून कुत्र्याकडे बघितलं. मंगलने पदर पुढे केला. प्रज्ञा उठली, बाहेरून तीन चहा घेऊन आली आणि पहिला माझ्या हातात दिला.  त्या चहाचे उपकार मी विसरलेलो नाही.

साडेबाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "शुद्धीवर येतोय," म्हणाल्या. "पण अजून जिंकलेलो नाही. स्वतःहून खायला लागला पाहिजे. तोपर्यंत नळी."

नळी

मानेच्या डाव्या बाजूने नळी आत गेलेली, बाहेर तिचं टोक, त्याला बूच. पातळ केलेलं खाणं सिरिंजने त्यातून द्यायचं, दिवसातून पाच वेळा. पहिल्या दिवशी घरी बघवत नाही. तिसऱ्या दिवशी सवय होते. हे कोणाच्या वाट्याला आलं तर घाबरू नका, तोंडात जबरदस्तीने खुपसण्यापेक्षा नळी मांजराला पुष्कळ सुखाची.

हे काम मी घेतलं. इथे माझा स्वभाव उपयोगी पडला. खाणं मनगटावर टाकून बघायचं, कोमट हवं. सिरिंज सावकाश, घाई केली की उलटी. आधी पाणी, शेवटी पाणी. बुचाखालची जागा रोज बघायची, लाल आहे का, ओली आहे का. मंगल त्याला धरायची आणि कानामागे खाजवायची. सलीमभाईंनी जुन्या मऊ सुती कापडाच्या पट्ट्या शिवून आणल्या, मानेभोवती बांधायला, चौकटीच्या आणि फुलाफुलांच्या. फुलाफुलांच्या पट्टीत सुभेदारचा हुद्दा जरा खाली आल्यासारखा वाटायचा.

प्रज्ञाचा फोन रोज यायचा, मंगलच्या मोबाइलवर. "आई, फोटो पाठव. कानाचा, आणि मानेचा." मी शेजारीच बसलेला असायचो. सुभेदार कसा आहे असं तिने मला विचारलं नाही, आणि मी सांगायला गेलो नाही. माझ्या शब्दाची किंमत काय उरली होती, ते मला माहीत होतं.

एक आठवडा गेला. कानाचा पिवळेपणा उतरला, पण ताटलीकडे तो ढुंकून बघेना. रोज तिन्ही वेळा उकडलेल्या चिकनचा गोळा ठेवायचा आणि सुकला की उचलायचा. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "अजून चार-पाच दिवस बघू." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी मंगल ओट्याशी बोंबील भाजत होती. आमच्यासाठी. सुभेदार उठला, हळूहळू स्वयंपाकघरात गेला आणि तिच्या पायाशी बसला. तिने माझ्याकडे पाहिलं. कडक काही द्यायचं नाही असं सांगितलेलं होतं. मी बोंबलाचा मधला भाग घेतला, गरम पाण्यात टाकला, काटा काढला, बोटांनी पार लगदा केला आणि तळहातावर घेऊन जमिनीवर बसलो. ताटली नको वाटली. त्याने हुंगलं. मान उजवीकडे वाकवली. मग त्याची खरखरीत जीभ माझ्या तळव्याला लागली. एकदा, मग पुन्हा, मग सगळं साफ होईपर्यंत.

ज्या माणसाने त्याची ताटली उचलली होती, त्याच्याच हातावर तो जेवला. मांजरं क्षमा वगैरे करत नाहीत, त्याला भूक लागली होती, हे मला कळतं. तरी मी बराच वेळ तो हात धुतला नाही.

आता

सहा आठवड्यांनी तार काढली. सुळा गेला तो गेला. आता सुभेदारचा डावा ओठ किंचित आत ओढलेला दिसतो, त्याने त्याच्या रुबाबात फरक पडलेला नाही. गॅलरीला जाळी बसवली आहे. तो आतल्या बाजूला बसतो, पारवे बाहेरच्या बाजूला, आणि दोघंही एकमेकांना काय वाटेल ते बोलतात. दर रविवारी सकाळी मी त्याला टेबलावर घेतो, ओठ उचलतो आणि दोन्ही बाजू बघतो. पहिले काही आठवडे त्याने माझे हात ओरबाडले. आता सहन करतो.

परवाच्या रविवारी मी आणि मंगल जेवायला बसलो होतो. माझा मोबाइल वाजला. माझा. प्रज्ञा होती.

"बाबा, सुभ्या कसा आहे?"

ठीक आहे, हे शब्द जिभेवर आले होते. सकाळीच तर बघितलं होतं. पण सकाळ होऊन चार तास झाले होते.

"थांब," म्हटलं. फोन टेबलावर ठेवला, खुर्चीखाली झोपलेल्या सुभेदारला उचललं, ओठ वर केला, हिरड्या बघितल्या, कान उलटा केला. मग फोन उचलला. "हिरड्या गुलाबी आहेत. कान स्वच्छ. काढलेल्या दाताची जागा भरून आली आहे. बघून सांगतोय."

 ती म्हणाली, "बरं. आणि आई कशी आहे?"

या प्रश्नाला मी गेली कित्येक वर्षं एकच उत्तर देत आलो आहे, बहुतेक वेळा पेपरातून मान न काढता. तेच द्यायला तोंड उघडलं आणि समोर पाहिलं. मंगलने भाकरी कालवणात कुस्करली होती. घास तोंडात घातला, मान उजवीकडे वाकवली आणि डोळे बारीक मिटून घेतले.

मी खिशातून चष्मा काढला.

"थांब," मी प्रज्ञाला म्हटलं. "बघून सांगतो."